वाटा

सोसायटीच्या बर्फ कारखान्यामागे
जिथे पूर्वी मिठाची पोती रचायचे
तिथे एक कॉम्प्युटर आहे.
त्याच्या पंख्याला खारा वारा लागून गंज चढतो,
मी खोबरेलाचं बोट फिरवते. चालतो.

परकारबाईंनी रत्नागिरीहून येऊन
अकरा खाड्यांच्या मुखांचा तळ मोजला.
कुठे किती वाव पाणी,
वादळानंतर वाळूचा दांडा कुठे सरकला.
एकाहत्तर जीबी.
म्हणाल्या, सगळ्यांचं आहे, घ्या, वाटा,
मला विचारत बसू नका.
तसं खाली लिहूनही दिलं, सहीनिशी.

एकाहत्तर जीबी म्हणजे काय
ते आमच्या टॉवरला विचारा.
टेकडीवर उपाशी बगळ्यासारखा उभा,
एक काडी दाखवतो आणि मिटतो.
पहिला पेनड्राइव्ह आम्ही एसटीने धाडला,
तो कणकवलीला उतरला असावा. पुढचं माहीत नाही.

मग गिरपांचा प्रसन्न म्हणाला, टॉरेंट करूया.
चेअरमन दचकले.
"ता सिनेमे चोरूचा ना रे?"
"काका, खाडयेतसून दारू पण जाता, वऱ्हाड पण जाता.
खाडयेचो काय गुनो?"

मला ते समजलं रापणीवरून.
ऐंशी जण ओढतात,
ज्याच्या हाताला दोर, त्याला वाटा.
इथे एकच निराळं:
हातात आलेला तुकडा लगेच पुढे द्यायचा,
आणि दिला तरी आपल्याकडचा कमी होत नाही.
मासळीत असं कधी झालेलं नाही.
बांगडा एकदाच वाटता येतो.

रात्री बर्फाचं मशीन थांबलं की
अकरा गावं ओढायला लागतात.
आचऱ्याला हवा तो तुकडा देवबागेत असतो,
देवबागेला हवा तो विजयदुर्गात,
आणि पुरी फाइल
अजून कुणाच्याच घरी नसते.
आलेला तुकडा कॉम्प्युटर
कल्ले उघडून बघावा तसा बघतो,
शिळा वाटला तर टाकतो, परत मागतो.

नव्याण्णव पूर्णांक सहा. तिथे अडलं.
बाईंचं मशीन त्या आठवड्यात बंद,
राहिलेले तुकडे फक्त निवतीच्या बस्त्यावकडे,
आणि बस्त्यावची आई गेलेली.
कुणी फोन केला नाही.
अकराही गावं चार रात्री
दोर हातात धरून नुसती उभी.
पाचव्या रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
निवती आपणहून जागी झाली.
मी पडद्याकडे बघून हात जोडले,
मग कुणाला जोडले ते आठवून
जरा वेळ तशीच बसले.

महिन्याने वीजबिल आलं.
चेअरमन म्हणाले, "गावली मां फाइल?
मगे रातभर चालू कित्याक?"
मी म्हटलं, आपली पाटी भरली
म्हणून दोर सोडून घरी जातं का कुणी?
ते काही बोलले नाहीत. सही केली,
पण पेन जरा जोरात टेकवलं.

श्रावणात परकारबाईंचा फोन.
आवाज पार बसलेला.
प्रयोगशाळेत पाणी शिरलं, डिस्क गेली,
दुसरी प्रतही त्याच कपाटात होती.
"तुमच्याकडे काही उरलंय का हो? निदान दोन-तीन खाड्या?"
मी म्हटलं, बाई, मशीन लावा आणि जेवून घ्या.
त्या रात्री बाईंच्या खाड्या बाईंकडे गेल्या,
थोड्या निवतीहून, थोड्या आमच्या मिठाच्या खोलीतून.
सकाळी त्यांनी विचारलं,
कुठल्या गावाचे आभार मानू?
मला सांगता येईना.

आज पहाटे पंख्याला तेल द्यायला गेले
तर तारामुंबरीहून कुणीतरी नवीन,
नाव नाही, नुसते आकडे,
पहिला तुकडा मागत होतं.